नागद्वारला निघताना पिशवीत काय न्याल?

आषाढ सरत आला की पिपरी मेघेतल्या माझ्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. हे लोक आजारी नसतात. खांद्यावर दुपट्टा, चेहऱ्यावर उत्साह आणि तोंडी एकच वाक्य : “डॉक्टरसाहेब, नागद्वारला चाललो, काही गोळ्या लिहून द्या.” कुणाला तापाची गोळी हवी असते, कुणाला जुलाबाची, कुणाला ‘अंगात ताकद राहील अशी’. मी कागदावर सर्वांत वर लिहितो ते ‘क्रेप बँडेज, १० सेंटिमीटर रुंद, एक नग’. बरेच जण कागद वाचून हिरमुसतात. डॉक्टरांनी गोळीऐवजी पट्टी दिली म्हणजे काही तरी कमी मिळाले, असे वाटत असावे.

विदर्भातल्या माणसाला गिर्यारोहण हा शब्द परका वाटतो, पण महादेवाच्या निमित्ताने डोंगर चढणारे जितके आपल्याकडे आहेत तितके फार थोड्या ठिकाणी असतील. महाशिवरात्रीला चौरागडावर जड त्रिशूळ खांद्यावर घेऊन जाणारे आपलेच लोक, आणि नागपंचमीच्या आगेमागे पचमढीच्या जंगलातली नागद्वारची वाट तुडवणारेही बहुतेक आपलेच. ही वाट वर्षातून जेमतेम दहा दिवस उघडी असते आणि ती नेमकी भर पावसात. चिखल, निसरडे दगड, लोखंडी शिड्या, रात्रीची चाल. शिवाय आता नवी मंडळी आली आहेत. वर्धेच्या हनुमान टेकडीवर पहाटे फिरणारे तर आहेतच, पण पोलीस भरती आणि सैन्य भरतीसाठी धावणारी पोरे, पुण्याकडच्या सिंहगड-राजगड-तोरण्याच्या डोंगरी शर्यतीची स्वप्ने पाहणारे दोन-चार हौशी, आणि रविवारी बोर धरणाकडे जाणारे कॉलेजचे गट. (बोर अभयारण्य २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पायी भटकू नये. वाघाच्या जखमेवर माझ्या पेटीत काही नाही.)

मुळात अशी पेटी कशासाठी, हे आधी पाहू. पिपरीत राहणाऱ्या माणसाचे एका बाबतीत नशीब मोठे आहे. एका बाजूला सेवाग्रामचे मेडिकल कॉलेज, जे १९६९ साली देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून सुरू झाले, दुसऱ्या बाजूला सावंगीचे, आणि गावात जिल्हा सामान्य रुग्णालय. इथे कुणाला काही झाले तर अर्ध्या तासाच्या आत तो मोठ्या डॉक्टरसमोर असतो. डोंगरात हाच अर्धा तास चार-पाच तासांचा होतो. यात्रेच्या दिवसांत प्रशासनाची आरोग्य पथके वाटेवर असतात हे खरे, पण पाय मुरगळतो तो नेमका दोन पथकांच्या मधल्या उतारावर. पेटी आहे ती या मधल्या वेळासाठी. तिने रोग बरा करायचा नाही, माणसाला खालपर्यंत धड आणायचे आहे. एवढे ध्यानात ठेवले की काय घ्यायचे आणि काय सोडायचे ते आपोआप ठरते.

आता क्रेप बँडेज का, ते सांगतो. डोंगरात सर्वांत जास्त वेळा जे होते ते म्हणजे पाय मुरगळणे, सोलवटणे आणि टाचेला फोड येणे. या तिन्ही गोष्टींना गोळी नाही. मुरगळलेल्या घोट्याला बोटांच्या बुडापासून सुरुवात करून, घोट्याभोवती आठच्या आकड्यासारखे फेरे घेत, पोटरीच्या खालपर्यंत पट्टी बांधावी. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढलेला असावा. बांधल्यावर बोटे गार पडली, निळसर झाली किंवा मुंग्या आल्या तर पट्टी आवळली गेली असे समजून सोडून पुन्हा बांधावी. मग त्याला उभे करून चार पावले चालवून पाहावे. लंगडत का होईना, चार पावले टाकता आली आणि घोट्याच्या हाडावर दाबल्याने ओरडला नाही, तर बहुतेक वेळा हाड शाबूत असते. चार पावलेही टाकता येत नसतील तर हाड मोडले आहे असे धरूनच चालावे आणि पाय आहे त्या स्थितीत बांधून त्याला उचलून आणावे. आधाराला काठी, छत्री, नाही तर घट्ट गुंडाळलेले वर्तमानपत्रही चालते. तुम्ही हातात धरलेला हा अंकसुद्धा त्या कामी येईल. जोरात ओढून ‘हाड बसवणारे’ जाणकार प्रत्येक जथ्यात एक तरी असतात. त्यांना आदराने दूर ठेवावे.

तीच पट्टी जखमेवर गॉज दाबून धरायला उपयोगी पडते, आणि सापाच्या दंशात पाय हलू नये म्हणून काठीला बांधायलाही. एका वस्तूची तीन कामे. म्हणून ती यादीत पहिली. आल्प्सच्या पहाडात मों ब्लांभोवती सुमारे १७० किलोमीटरची धावण्याची शर्यत होते. तिथे प्रत्येक धावपटूच्या पाठपिशवीत चिकटणारी लवचिक पट्टी, शिट्टी, अंगाभोवती गुंडाळायची चंदेरी पन्नी आणि पाणी असल्याशिवाय त्याला शर्यतीत उभे राहू देत नाहीत. जे लोक ग्रॅमग्रॅमचे वजन वाचवतात तेही पट्टी सोडत नाहीत, यावरून काय ते समजावे. शिट्टीचेही तसेच. धुक्यात हाक ऐकू जात नाही, शिट्टी जाते, आणि ओरडून घसा बसतो तसा शिट्टीचा बसत नाही.

सोलवटण्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. मागे एक तरुण माझ्याकडे आला तो यात्रेहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी. दगडावर घसरून नडगी फाटली होती. सोबत्याने प्रेमाने त्यावर तंबाखू दाबली आणि घामाचा दुपट्टा बांधला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, जांघेत गाठ आली होती, ताप १०३. दहा दिवस पलंगावर गेले आणि हंगामात शेताची सारी कामे घरच्या बाईवर पडली. जखम मुळात दोन बोटांची होती. तंबाखू, चुना, कॉफीची पूड, कोळसा, टूथपेस्ट यातले काहीही जखमेत घालू नये. हळद स्वयंपाकात उत्तम, पण डब्यातली हळद म्हणजे काही निर्जंतुक औषध नव्हे. जखमेला हवे असते पाणी, भरपूर पाणी. पिण्याजोग्या पाण्याची बाटली घ्यावी, तिच्या झाकणाला सुईने भोक पाडावे आणि दाबून धार मारत माती, खडे धुऊन काढावेत. मग भोवती पोव्हिडोन आयोडीनचे मलम, वर निर्जंतुक गॉज, वर चिकटपट्टी. रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून तळहाताने घट्ट दाबावे आणि घड्याळ लावून दहा मिनिटे दाबूनच ठेवावे. ‘थांबले का’ म्हणून दर मिनिटाला उचलून पाहणाऱ्याच्या हातून रक्त कधी थांबत नाही. आणि धनुर्वाताचे इंजेक्शन डोंगरावर शोधत बसण्यापेक्षा निघण्याआधीच आठवून पाहावे. दहा वर्षांत घेतले नसेल तर घेऊन निघावे. उलट बाजूने, दर खरचटण्याला इंजेक्शन मागणारेही आहेत, त्यांची दर वेळी गरज नसते.

फोडाबद्दल दोन शब्द. नवे बूट घालून यात्रेला जाऊ नये हे सांगूनही कुणी ऐकत नाही, कारण बूट यात्रेसाठीच घेतलेले असतात. टाचेला चुरचुरायला लागले की तिथेच थांबावे आणि चिकटपट्टी लावावी. पुढच्या मुक्कामावर पाहू म्हटले की फोड येतोच. आलेला फोड लहान असेल तर फोडू नये. साध्या चिकटपट्ट्यांची गोष्टही अशीच घरगुती आहे. १९२० साली अमेरिकेत अर्ल डिक्सन नावाच्या नोकरदाराने स्वयंपाकघरात सतत बोट कापून घेणाऱ्या बायकोसाठी गॉजचे तुकडे चिकटपट्टीवर लावून ठेवले, त्यातून आजची तयार पट्टी जन्मली.

पट्ट्यांनंतर मीठ-साखरेच्या पुड्या. ओआरएस म्हणजे लहान मुलांच्या जुलाबाचे औषध असा समज आहे, पण भंडाऱ्यात जेवून जुलाब लागलेल्या पहिलवानालाही तेच वाचवते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा कालवून रुग्णांना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण एकदम खाली आणले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाला. पुडी मोठी असेल, म्हणजे साधारण २१ ग्रॅमची, तर ती पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी कालवायची. चिमूट चिमूट टाकून पिणे चुकीचे आहे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. डब्यातून विकली जाणारी रंगीत गोड पेये ओआरएस नव्हेत, नाव काहीही असो. ओढ्याचे पाणी प्यावे लागणार असेल तर क्लोरीनच्या गोळ्या ठेवाव्यात, आणि एका गोळीला किती पाणी हे पाकिटावर वाचून घ्यावे. पाणी टाकल्यावर अर्धा तास थांबावे. पाणी स्वच्छ दिसते म्हणून स्वच्छ असते असे नाही.

ऊन लागण्याचा विषय यात्रेपेक्षा आपल्या मे महिन्याचा आहे. वर्धेचा पारा ४५ च्या पुढे जातो हे मी वेगळे सांगायला नको. भरतीची तारीख जवळ आली, वजन उतरवायचे म्हणून एक पोरगा सकाळी दहा वाजता अंगात प्लॅस्टिकचे जाकीट घालून, उपाशीपोटी टेकडीच्या रस्त्यावर धावत होता. धावता धावता असंबद्ध बोलू लागला आणि कोसळला. त्याच्या सोबत्यांनी जे केले ते मी दर उन्हाळ्यात दुसऱ्यांना सांगतो. त्यांनी त्याला झाडाखाली ओढले, जाकीट फाडून काढले, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या त्याच्या अंगावर ओतल्या, दोघे बनियनने वारा घालत राहिले आणि तिसरा ऑटो आणायला धावला. ऑटोतही ओला दुपट्टा अंगावर आणि वारा चालूच. पोरगा आठवडाभर दवाखान्यात होता, पण वाचला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचा मोह त्यांनी टाळला, हे त्याहून मोठे. ते पाणी पोटात न जाता फुप्फुसात जाते. बडबड, तोल जाणे, बेशुद्धी ही उष्माघाताची खूण आहे. अशा वेळी आधी अंग थंड करायचे आणि थंड करतच न्यायचे. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. खिशातला कांदा मी कुणाला काढायला लावत नाही, पण त्याच्या भरवशावर कुणी धावू नये.

इथे गोळ्यांचा प्रश्न येतो. धावणाऱ्या पोरांमध्ये निघण्याआधीच आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घ्यायची सवय दिसते, ‘म्हणजे पाय दुखत नाहीत’. अंगातले पाणी कमी झालेले, ऊन, त्यावर ही गोळी, यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पेटीत दुखण्या-तापासाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या पुरेत. अंगावर पित्त उठले किंवा माशी चावली तर सेट्रिझिनच्या दोन-तीन गोळ्या. तिने झोप येते, तेव्हा शिडी चढण्याआधी घेऊ नये. आग्या मोहोळ उठले तर आधी पळावे, चेहरा झाकावा, मग नांग्या काढाव्यात. नांगी चिमट्याने काढावी की नखाने खरवडावी यावर वाद घालू नये, लवकर निघाली पाहिजे. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घुरघुरू लागला, तर ते गोळीचे काम नाही. त्याला ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते, धावपळ करून जवळच्या पथकाकडे न्यावे.

पन्नाशीच्या पुढच्या भाविकांना मी एक गोष्ट बजावून सांगतो. चढावर छाती भरून आली, दरदरून घाम सुटला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन पुढे चढू नका. तिथेच बसा, दुसऱ्याला मदत आणायला पाठवा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी चावून खावी. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र शेजाऱ्याने दिली म्हणून ठेवू नये. तिने रक्तदाब एकदम उतरतो, ती ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली त्यानेच घ्यायची. रोजच्या बीपीच्या, शुगरच्या गोळ्या आणि दम्याचा पंप हे प्रत्येकाने स्वतःच्या खिशात ठेवावे, सामानाच्या गाडीत नाही. गाडी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, हे यात्रेत दर वर्षी होते.

आता सापाकडे येऊ. नागाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी सापाची माहिती ठेवू नये हे बरे दिसत नाही. २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासावरून भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे मरतात असा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच औषध चालते, ते शिरेतून द्यावे लागते आणि ते दवाखान्यातच मिळते. पेटीत ठेवायचा विषय नाही. म्हणून सर्पदंशात पेटीतले सर्वांत मोलाचे औषध म्हणजे न हलणे. बुटाची नाडी किंवा दोरी आवळून बांधू नये, पात्याने चिरू नये, तोंडाने चोखू नये. बांधलेल्या पायाचे रक्त अडते आणि घोणसेच्या दंशात तो पाय सडण्याचा धोका वाढतो. अंगठी, कडे, जोडवी, बूट लगेच काढावेत, कारण सूज येणार. काठी आणि क्रेप बँडेजने पाय सैलसर, पण हलणार नाही असा बांधावा, दंशाची वेळ कागदावर लिहावी आणि माणसाला चालू न देता झोळीत किंवा पाठीवर घेऊन निघावे. साप मारून सोबत आणण्याची गरज नाही. लक्षणांवरून डॉक्टर काय ते ठरवतात. मण्यारीबद्दल विशेष सावध असावे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचे कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. मुक्कामावर असे कुणाला झाले तर त्याला जागरणाचा थकवा समजून पांघरूण घालू नये. रात्री टॉर्च हाताशी असावी आणि जमत असेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे.

पहाटे रस्त्यावर धावणाऱ्यांना सापापेक्षा कुत्र्याची गाठ अधिक पडते. चावला किंवा नुसते दाताने ओरखडले, तरी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. माकडाच्या चाव्यालाही हेच. म्हणून पेटीत साबणाची एक छोटी वडी असते. मिरची, चुना, तेल लावू नये. रेबीज झाल्यावर औषध नाही, आधी आहे.

तर हे सगळे मावते कशात? मी साबणाचा झाकणाचा डबा किंवा मुलांची जुनी कंपासपेटी सुचवतो. क्रेप बँडेज, गॉजची चार पाकिटे, चिकटपट्टीचे लहान रीळ, आठ-दहा तयार पट्ट्या, मलमाची छोटी ट्यूब, काट्यासाठी चिमटा, लहान कात्री, दोन सेफ्टी पिना, हातमोज्यांची एक जोडी, ओआरएसच्या दोन पुड्या, सांगितलेल्या गोळ्या आणि साबण. मावत नसेल तर बँडेज बाहेर पिशवीत टाकावे. वजन अडीचशे-तीनशे ग्रॅम होते आणि खर्च तीन-चारशे रुपयांच्या आसपास. बाजारात तयार पेट्या मिळतात, पण त्यात निम्म्या वस्तू दाखवायच्या असतात आणि बँडेज हातरुमालाएवढे. धावणाऱ्याला एवढेही नको असेल तर त्याने बँडेज, दोन गॉज, ओआरएस आणि शिट्टी कमरेच्या पट्ट्यात खोचावी. गोळ्या पाकिटातून कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शाबूत राहील असे पाहावे, नाही तर यात्रेच्या पाचव्या दिवशी पांढरी गोळी कशाची यावर जथ्यात चर्चा बसते. सगळे दोन पन्न्यांत गुंडाळावे. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत राहिलेली पेटी पावसाळ्यात तशीच नेऊ नये. उष्णतेने चिकटपट्टीचा गोंद वितळतो आणि औषधेही बिघडतात. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवावा : नाव, घरचा फोन, रक्तगट, चालू औषधे, कशाची ॲलर्जी. महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशातही रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि कुठल्याही संकटात ११२. रेंज नसली तर दोन माणसे खाली पाठवावीत, एकटा नाही.

एका वाचक भगिनीने मागच्या वर्षी विचारले होते की जथ्यात पंधरा जण असतील तर पंधरा पेट्या का? नको. दोन पुरेत, एक पुढच्या माणसाजवळ आणि एक सर्वांत मागच्या माणसाजवळ. मात्र ती कुणाजवळ आहे हे पंधराही जणांना ठाऊक असावे.

परत आल्यावर पेटीत जे संपले ते भरून ठेवावे. आणि आणखी एक. पावसाळ्यात गवतातून, झुडपातून चालून आल्यावर आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप आला, डोके फार दुखू लागले, तर डॉक्टरांना यात्रेला गेलो होतो हे आवर्जून सांगावे. मलेरिया असू शकतो, आणि स्क्रब टायफसही. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा हा ताप २०१८ साली नागपूर भागात बराच पसरला होता. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने उतरतो, उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे धरतो. चाव्याच्या जागी कधी कधी विडीने डागल्यासारखी काळी खपली दिसते. ती काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, स्त्रियांमध्ये छातीखाली लपलेली असते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. तेव्हा आंघोळीच्या वेळी घरच्यांकडून पाठ आणि काखा एकदा पाहून घ्याव्यात, आणि खपली दिसली तर ती खरवडून न काढता दवाखान्यात यावे.